डावीकडे कललेली अठरा माणसं

भिंगकाकांची मान बिघडली आहे, हे डॉक्टरांच्या आधी त्यांच्या शर्टांनी सांगितलं.

काकू घरीच शिवणकाम करायच्या. कुणाचं सैल करून दे, कुणाचं आखूड करून दे, चेन बदलून दे, विरलेली कॉलर उलटवून दे. लोकांचं उरकलं की घरचं. एका रविवारी त्यांनी नवऱ्याचे सहा शर्ट मांडीवर घेतले आणि एकेक कॉलर उजेडात धरून पाहिली. उजवी बाजू नव्यासारखी. डावी मात्र अशी झिजलेली, की आतलं अस्तर दात काढून हसत होतं.

"अहो, हे काय? सहाच्या सहा डावीकडेच कशा विरल्या?"

"कापड वाईट असेल."

"कापडाला डावं-उजवं कळतं होय? दिवसभर कुणाच्या खांद्यावर डोकं टेकून बसता तुम्ही?"

"घरात माझ्याखेरीज खांदे फक्त तुझे. टेकलं असतं तर तुला कळलं नसतं?"

"मला कळायला मी मशिनवरून उठते कधी!"

हसण्यासाठी काकांनी मान वळवली, आणि अर्ध्या वाटेत "आई गं" म्हणून तिथेच थांबले. हसू ओठांवर राहिलं आणि कळ मानेतून खांद्यात, खांद्यातून कोपरात उतरली. गेले पाच महिने हे असंच चाललं होतं. हाक आली की माणूस मानेनं वळतो. काका आता कमरेपासून वळत, एखादं कपाट सरकवावं तसे.

माणूस तसा साधा. उंचीनं बेताचा, आवाजानं त्याहून बेताचा. पार्सलं पोचवणाऱ्या एका कंपनीत बावीस वर्षं नोकरी, आणि बावीस वर्षं काम एकच: कुणालाही न लागलेला पत्ता वाचायचा. पार्सलावरची चिठ्ठी आधी यंत्र वाचतं. यंत्रानं हात टेकले, की तिचा फोटो या वाचणाऱ्यांकडे येतो. पाण्यानं फुगलेली अक्षरं, संपत आलेल्या पेनाची अक्षरं, लहान पोरानं लिहिलेली, थरथरत्या म्हाताऱ्या हाताची. 'निळ्या दाराच्या समोर, पूर्वी जिथं दवाखाना होता तिथं,' अशा थाटाचे पत्ते. काका भिंग लावून बघत, ओठांतल्या ओठांत पुटपुटत, आणि अक्षर शरण येई. एका डॉक्टरनं लिहिलेला पत्ता खुद्द त्याच डॉक्टरला वाचता आला नाही, तो काकांनी वाचला, अशी एक थाप ऑफिसात प्रसिद्ध होती. ती निम्मी खरी होती.

काय दिवस होते ते! एका लांबलचक खोलीत अठरा माणसं, छत्तीस पडदे, आणि खिडकीशी चहाचा थर्मास. कुणाचं अडलं की खोलीभर आरोळी उठायची, "काका, भिंग!" की काका खुर्चीतून उठत, विंगेतून नायक यावा तसे सावकाश येत, वाकून बघत, आणि एक श्वास धरून पत्ता खणखणीत म्हणून दाखवत. कुणीतरी टाळी वाजवायचं. टाळी लहान असो की मोठी, कानाला ती बरीच वर्षं पुरते.

सगळ्यात मोठी टाळी बारा वर्षांपूर्वी पडली होती. तेव्हा गोदामात सरकत्या पट्ट्यावर कॅमेरा बसवला गेला आणि चिठ्ठ्यांच्या कागदी नकलांऐवजी पहिल्यांदा फोटो येऊ लागले. आले ते आडवे. ओळ डावीकडून उजवीकडे जाण्याऐवजी खालून वर चढलेली, भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखी. सगळे माना तिरक्या करून कण्हू लागले. काका पाच मिनिटं गप्प बसले, आणि मग त्यांनी समोरचा पडदा त्याच्या स्टँडवर गर्रकन फिरवून उभा केला. चिठ्ठी सरळ! प्रत्येकापुढे दोन पडदे होते, एक फोटोचा आणि एक टाइप करायचा. त्यामुळे फोटोचा फिरवला तरी कुणाचं काही अडत नव्हतं. संध्याकाळपर्यंत खोलीतले अठराही पडदे उभे झाले. साहेब स्वतः येऊन म्हणाले, "डोकं आहे बुवा!" त्या टाळ्यांवर काका नऊ वर्षं जगले.

मग कंपनीनं ती जागा सोडली. "आता घरूनच काम," असं सांगून प्रत्येकाच्या घरी एकेक लॅपटॉप पार्सलानं धाडला. (काकांच्या पार्सलावरचा पत्ता चुकलेला होता, ते दोन दिवस उशिरा आलं.) लॅपटॉपचा पडदा झाकणासारखा उघडतो आणि मिटतो. तो फिरत नाही. आणि पडदा एकच. फोटो मात्र होते तसेच आडवे.

फोटो फिरवायला बटण होतं, नाही असं नाही. पण ते दाबलं की फोटो चार सेकंद जागच्या जागी गिरक्या घेत बसायचा, आणि मग हळूच सरळ व्हायचा. तासाला शंभर पत्ते वाचले पाहिजेत, असा नियम. शंभर वेळा चार सेकंद म्हणजे तासातली जवळजवळ सात मिनिटं नुसतं नाच बघण्यात जाणार. पडद्याची दिशाच कायमची बदलावी, तर त्या जागी कंपनीचं कुलूप. एकदा काकांनी लॅपटॉपच उघड्या पुस्तकासारखा उभा केला आणि सारंगी वाजवावी तसं त्यावर टाइप करून पाहिलं. अकराव्या पत्त्याला तो घसरला, बिजागरी चिरली, आणि काकांना माफीचं पत्र लिहावं लागलं.

मग उरलं काय? मान. ती फुकटची, बटणाशिवाय फिरणारी. कलवावी लागायची डावीकडे. तासाला शंभर वेळा, दिवसाला आठशे वेळा. पुढे पुढे ती परत सरळ करायची तसदीही काकांनी सोडली.

हाडांच्या डॉक्टरांनी मान दाबून पाहिली, फोटो काढून पाहिला, आणि एक कडक पट्टा बांधला. "दोन महिने हा काढायचा नाही. मान अजिबात कलवायची नाही. आत्ता ऐकलं नाहीत, तर हात बधिर होईल, मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

पट्टा छान होता. मान अगदी खांबासारखी ताठ राहायची. एकच अडचण झाली. ताठ मानेनं आडवी अक्षरं वाचता येईनात. पहिल्या आठवड्यात काकांचा आकडा तासाला शंभरावरून एक्क्याऐंशीवर आला. दुसऱ्या आठवड्यात मॅडमचं पत्र आलं. मॅडम म्हणजे काकांच्या वरिष्ठ. वयानं त्यांच्या निम्म्या, वागायला गोड, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ना' लावणाऱ्या. पत्रात मात्र एकही 'ना' नव्हता. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सरासरी शंभर झाली नाही, तर तुमचं नाव वाचकांच्या यादीतून कमी करण्यात येईल.

काकूंनी पत्र वाचलं. शिवणाची सुई ओठांत होती, ती काढून त्यांनी उशीत खोचली.

"म्हणजे पट्टा ठेवला तर नोकरी जाणार, आणि काढला तर मान."

"अगदी बरोबर."

"आणि तुम्ही अगदी बरोबर असं म्हणता, जसं काही मी गणित सोडवलंय!"

"मग काय करू? बोंबा मारू? बोंब मारायला मान वर करावी लागते."

बावन्न वर्षांच्या माणसाला दुसरीकडे कोण घेणार, हा प्रश्न दोघांनीही तोंडातून काढला नाही. काका दुपारी पट्टा काढत आणि काकूंची चाहूल लागली की चढवत. चोरून विडी ओढावी तसं हे चाललं होतं. आकडा ब्याण्णववर आला, आणि डाव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या येऊ लागल्या.

अशातच कंपनीला कळलं, की घरून काम करणाऱ्यांच्या माना दुखतात. कसं कळलं देव जाणे. कंपनीनं लगेच पाऊल उचललं. प्रत्येकाला एकेक वाटोळी उशी पाठवली, आणि एक ऑनलाइन वर्ग ठेवला. नाव: 'मान ताठ, मन शांत.' हजेरी सक्तीची. आणि एरवी बंद असणारे कॅमेरे या वेळी चालू ठेवायचे, कारण बाईंना सगळ्यांच्या माना दिसल्या पाहिजेत.

बाई म्हणजे शिकवणाऱ्या. आवाज मधासारखा, मागे एक झाड, आणि तेही ताठ.

"डोळे मिटा," बाई म्हणाल्या. "खांदे सोडा. आता हळूच... मान डावीकडे झुकवा."

कुणीच हललं नाही.

"लाजू नका हं. डावीकडे... हळूच... अजून कुणी करत नाहीये?"

काकू तेव्हा इस्त्रीला टाकायचे कपडे घेऊन मागून चालल्या होत्या. त्यांची नजर सहज पडद्यावर गेली आणि त्या थबकल्या. पडद्यावर चौकटीचौकटींत अठरा चेहरे होते. जाडे, बारीक, टकले, चष्मेवाले. आणि वारा सुटल्यावर शेतातलं पीक लवावं तसे सगळे एकाच बाजूला कललेले. काकांचा पट्टा वर्गापुरता काढलेला होता. तेही त्यात होते.

"अहो," काकू मोठ्यानं म्हणाल्या, "हे सगळेच डावीकडे का कलंडलेत?"

माइक चालू होता. अठराही चेहऱ्यांचे डोळे उघडले. प्रत्येकानं पहिल्यांदाच बाकीच्यांकडे बघितलं. पाच महिने काय, तीन वर्षं प्रत्येकजण समजत होता, की आपलीच खुर्ची वाईट, आपलीच उशी जाड, आपलंच वय झालं. मग एका चौकटीतून जाडसर आवाज आला, "च्यायला! तुमचंही डावीकडेच?"

आणि जो गलका उसळला, तो थेट त्या जुन्या खोलीतला. एक जण शेकायची पिशवी उंचावून दाखवू लागला. एकीनं सांगितलं, की ती गेले वर्षभर पलंगावर डाव्या कुशीवर आडवी होऊन काम करते, म्हणजे फोटो सरळ दिसतात. तिला पुढे सगळे कुशीवरची म्हणू लागले. एका चौकटीत मॅडमही हजेरी घ्यायला बसल्या होत्या. काकांनी कमरेपासून पुढे सरकून तोंड उघडलं.

"मॅडम, हे फोटो आडवे येतात ना, त्यामुळे होतंय हे. गोदामातला कॅमेराच आडवा बसवलाय."

"काका, आज आपण मानेबद्दल बोलतोय ना," मॅडम म्हणाल्या. "तांत्रिक तक्रारीसाठी वेगळी जागा आहे ना."

"मॅडम, मानेबद्दलच बोलतोय मी."

"हो, पण कॅमेरा तांत्रिक आहे ना."

काकांनी तांत्रिक तक्रार केली. तिला अकरा आकडी क्रमांक मिळाला. तीन दिवसांनी उत्तर आलं: फोटो स्पष्ट आहेत, तक्रार सोडवली. काकांनी पुन्हा लिहिलं, स्पष्ट आहेत हो, पण आडवे आहेत. उत्तर आलं: सोडवलेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही. काकांनी नवी तक्रार केली. उत्तर आलं: अशीच तक्रार पूर्वी सोडवली आहे, ती पाहावी. बाकीच्या सतरा जणांनी सतरा तक्रारी केल्या आणि सतराही त्याच दिवशी सोडवल्या गेल्या. इतक्या तत्परतेनं कंपनीनं आजवर काहीच केलं नव्हतं.

महिना संपायला नऊ दिवस उरले होते.

"तो कॅमेरा असतो कुठं?" काकूंनी विचारलं.

"गोदामात."

"आणि गोदाम?"

"शहराबाहेर. बसनं दोन तास."

"मग?"

"मग काय मग? ते वेगळं खातं आहे. आपण वाचणारे. आपण कधी तिकडे जात नाही."

"बावीस वर्षांत एकदाही?"

"कामच पडलं नाही."

काकूंनी कात्री खाली ठेवली. "माझ्याकडे कुणी शर्ट आणून दिला आणि म्हणाला, बटण लागत नाही, तर मी काय त्याला पोट आत घ्यायचा वर्ग लावू? की जाऊन काज बघू? उद्या रजा टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बसमध्ये बसली. काकांच्या गळ्यात पट्टा, त्यामुळे खिडकीबाहेर बघायचं तर सगळं अंग फिरवावं लागे. दोन तास ते समोरच्या माणसाचं टक्कल बघत राहिले. उतरल्यावर आणखी एक गंमत झाली. ज्या माणसानं जगातले वेडेवाकडे पत्ते लावले, त्याला स्वतःच्या कंपनीचं गोदाम सापडेना. कागदावर लिहिलं होतं, 'टाकीच्या मागे.' टाक्या तीन होत्या. प्रत्येक टाकीला वळसा घालताना काका पुटपुटत होते, "हा काय पत्ता झाला? हा काय पत्ता झाला?"

फाटकाशी पहारेकरी होता.

"कुणाला भेटायचंय?"

"कॅमेऱ्याला," काका म्हणाले.

पहारेकऱ्यानं आधी पट्ट्याकडे, मग काकूंकडे बघितलं. "यांना बरं नाही का?"

"नाहीच," काकू म्हणाल्या. "म्हणून तर आलोय. कॅमेरा कोण बघतं इथं?"

कॅमेरा बघणारा फिटर आला. साठीकडे झुकलेला, कानावर पेन्सिल, हाताला वंगण. काकांनी ओळखपत्र दाखवलं आणि सगळं सांगितलं. फिटर ऐकताना हळूहळू बाकावर बसला.

"थांबा, थांबा. म्हणजे ते फोटो माणसं वाचतात?"

"मग कोण वाचतं?"

"मशिन वाचतं असं आम्हाला सांगितलंय! मशिनला काय, आडवं दिलं काय नि उभं दिलं काय."

"मशिनला नाही लागलं, की आमच्याकडे येतं. अठरा माणसं आहोत आम्ही."

"अठरा माणसं," फिटर म्हणाला. "अरे देवा."

तो त्यांना सरकत्या पट्ट्यापाशी घेऊन गेला. कर्र-कर्र आवाज करत पार्सलं सरकत होती. ठेवणारे लोक प्रत्येक पार्सल निगुतीनं, चिठ्ठी अगदी सरळ येईल असं ठेवत होते. वर लोखंडी दांडीला कॅमेरा लटकलेला, कुशीवर झोपलेल्या वटवाघळासारखा. बारा वर्षं काकांनी ज्याच्या डोळ्यांनी जग पाहिलं, तो एवढासा मुठीएवढा डबा होता.

"आडवा का बसवलात हो?" काकांचा आवाज चिरकला.

"कॅमेरा धरणाऱ्या लोखंडी पट्टीची भोकं उभ्याला जुळेनात. मी म्हटलं, तात्पुरता लावू आणि विचारू. वर लिहूनसुद्धा दिलं, की फोटो आडवे येतील, चालेल का, की नवी पट्टी मागवू? महिनाभर वाट बघितली. उत्तर आलं, वाचणाऱ्या खात्याकडून काही तक्रार नाही, राहू दे. मला वाटलं, वाचणारं खातं म्हणजे मशिनंच."

काका सरकत्या पार्सलांकडे बघू लागले.

"आता तुम्हीच सांगा," फिटर म्हणाला, "तेव्हा एकानं जरी ओरडलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी सरळ केला असता. तुम्ही लोक तेव्हा गप्प का बसलात?"

काका हळूच पार्सलांच्या ढिगावर टेकले. त्यांच्या डोळ्यांपुढे ते अठरा उभे पडदे आले, साहेबांचा तो चेहरा, आणि ती टाळी. आयुष्यातली सगळ्यात मोठी टाळी. गप्प बसायची युक्ती तर त्यांनीच काढली होती.

"मी पडदा फिरवला," ते म्हणाले. "सगळ्यांना शिकवलं. म्हणून तक्रार आली नाही."

फिटरला हे नीट कळलं नाही, पण काकूंना कळलं. एरवी त्या असा मोका सोडणाऱ्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी फक्त नवऱ्याच्या पट्ट्याची सैल झालेली चिकटपट्टी ओढून नीट बसवली आणि फिटरकडे वळल्या.

"भाऊ, आता करता येईल का सरळ?"

"वहिनी, कॅमेरा हलवायचा तर परवानगी लागते. तीन सह्या. दोन महिने तरी."

"आमच्याकडे आठ दिवस आहेत."

फिटरनं कान खाजवला, पेन्सिल काढली, परत खोवली. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "हलवायला परवानगी लागते. पण सैल झालेला स्क्रू आवळायला लागत नाही. आणि हा स्क्रू मला बारा वर्षं सैल वाटतोय."

सरकता पट्टा चहाच्या सुट्टीला थांबला. फिटर शिडीवर चढला. पट्टीला नवं भोक पाडायचं तर माप हवं, आणि त्याचा टेप दुसऱ्या पाळीचा माणूस घेऊन गेलेला. काकूंनी पिशवीतून कपड्यांचा टेप काढून वर दिला. "दोन भोकांमध्ये किती?" "अडीच इंच." "शिवणीला सोडू का थोडं?" "वहिनी, लोखंड आहे, धुतल्यावर आटत नाही!" भोक पडलं, कॅमेरा फिरला, पट्टा सुरू झाला. सहा पार्सलं खालून गेली.

काकांनी कुशीवरचीला फोन लावला.

"पोरी, फोटो कसा येतोय बघ."

"बघते हं काका... काका! उलटा! डोकं खाली पाय वर! आता शीर्षासन करू का?"

"भाऊ, दुसरीकडे, दुसरीकडे!" काका खालून ओरडले. फिटरनं जीभ चावली, कॅमेरा उलट बाजूला वळवला, पुन्हा आवळला. पुन्हा सहा पार्सलं गेली. काकांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"पोरी? आहेस का?"

"आहे." तिचा आवाज बदललेला होता. "काका, सरळ आलाय. मी... मी आता उठून बसू का?"

"बस," काका म्हणाले. "ऊठ आणि बस, बाळा."

शेवटच्या आठवड्यात काकांची सरासरी शंभरावर दोन झाली. तीही पट्टा बांधून. मॅडमचं पत्र आलं, या वेळी 'ना'सकट. यादीत नाव राहिलं. बोटांच्या मुंग्या मात्र जायला वेळ लागणार होता; डॉक्टर म्हणाले सहा महिने, आणि तेही नशीब समजा.

पण कथेत कंपनी आहे म्हटल्यावर ती स्वस्थ कशी बसेल? पंधरा दिवसांनी सगळ्यांना निरोप आला: मानदुखीच्या तक्रारी एकदम घटल्या आहेत, हे 'मान ताठ, मन शांत' या वर्गाचं यश आहे, मधाळ आवाजाच्या बाईंचा सत्कार होईल, आणि भिंगकाकांनी आपला अनुभव दोन मिनिटांत सांगावा.

काकांचा चेहरा लाल झाला. "सत्कार? उश्यांचा करा म्हणावं! मी सांगतो सगळं. आज सगळं सांगतो."

"सांगा की," काकू मशिनवरून न उठता म्हणाल्या. "म्हणजे तीन सह्यांशिवाय कॅमेरा फिरवला कुणी, हेही लगेच कळेल त्यांना. त्या भाऊंना निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत."

काका खोलीत दोन फेऱ्या मारून आले. मग कॅमेरा चालू करून बसले आणि अठरा सरळ चेहऱ्यांपुढे म्हणाले, "ज्या हातांनी आमच्या माना सरळ केल्या, त्या हातांना माझा नमस्कार." झाडाशेजारच्या बाईंनी डोळे मिटून विनम्रपणे मान लववली. कुशीवरचीला हसू आवरेना; तिनं कॅमेरा बंद केला. काकांनी लॅपटॉप मिटला तो असा, की बिजागरी पुन्हा कुरकुरली.

"माझ्या तोंडून वदवून घेतलं शेवटी! त्या झाडाला सुद्धा टाळ्या पडल्या!"

एवढ्यात फोन वाजला. फिटर होता.

"काका, मान काय म्हणते? बरं, एक विचारायचं होतं. तुम्ही आलात तेव्हापासून माझं लक्ष सारखं तिकडे जातंय. हा तुमचा सरकता पट्टा झाला चार नंबरचा. इथं पट्टे एकूण सात आहेत."

काका कमरेपासून सरळ झाले. "आणि त्यांचे कॅमेरे?"

"मीच लावलेत ना. एकाच पद्धतीनं."

"सगळे आडवे?"

"सगळे. मी आवळून टाकीन एकेक, त्याचं काही नाही. पण उलटा की सुलटा, ते मला इथून दिसत नाही. समोर कुणीतरी बघून सांगणारं पाहिजे. ते फोटो कोण वाचतं, ठाऊक आहे का तुम्हाला?"

काकांना ठाऊक नव्हतं. कुठल्या तरी गावांत, कुठल्या तरी खोल्यांत आणखी शेकडाभर माणसं आपापल्या खुर्चीला शिव्या देत बसली होती. काकांनी फोन ठेवला आणि दोन्ही हात कपाळाला लावले.

"माझी आत्ता कुठं सरळ होतेय! आता या लोकांना कुठं शोधू मी? नाव नाही, गाव नाही, फोन नाही. कंपनीला विचारलं तर क्रमांक देतील अकरा आकडी!"

काकूंनी दातानं दोरा तोडला.

"बावीस वर्षं न लागणारे पत्ते कोण लावत होतं हो? मी?"

काकांनी रागारागानं कोरा कागद ओढला, आणि पेन शोधू लागले.